शिलाईत वळते झालेले हप्ते

आधी माफी मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. मी कुठल्या चळवळीत पुढे नव्हतो, कधी भाषण केलं नाही, नोकरी केली ती चारचौघांसारखी. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असंच मला वाटत आलं. आमच्या घरात पहिलं पुस्तक मीच आणलं, आणि तेही शाळेचं होतं.

तरी लिहायला बसलो, कारण दोन माणसांचे आभार मानायचे राहून गेले. एकाचं नाव तेव्हा घेतलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. दुसऱ्याचं घेतलं असतं तर त्याच्या वरच्या ऑफिसानं त्याला जाब विचारला असता. आता दोघंही बहुधा हयात नसतील. पण जे नाव घ्यायचं नाही असं एकदा घरात ठरलं, ते आज घ्यायलाही जीभ उचलत नाही. म्हणून नावांशिवाय सांगतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही अकोल्याचे. बा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात हमाल होता. दिवाळीनंतर जीन सुरू व्हायचं आणि होळीच्या सुमाराला बंद पडायचं. उरलेले महिने तो मालधक्क्यावर, बांधकामावर, मिळेल तिथं जाई. आम्ही बौद्ध झालो त्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि मी मॅट्रिक होऊन अमरावतीच्या कॉलेजात शिकत होतो. वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. ऐकायला हे बरं वाटतं, पण पहिला म्हणजे ज्याला विचारायला पुढं कोणी नाही असा. फॉर्म कोणत्या खिडकीवर मिळतो, मेसचे पैसे आगाऊ द्यायचे की महिना संपल्यावर, प्राध्यापकांना सर म्हणायचं की साहेब, हे सगळं मी चुकत चुकत शिकलो.

सरकारची शिष्यवृत्ती होती, पण ती हातात पडेपर्यंत वर्ष संपत येई. तोवर माझ्या मेसचे पैसे मायच्या शिलाईतून यायचे. बाची मजुरी घराला पुरायची, माझ्यापर्यंत पोचायची नाही. मी अमरावतीला राहू शकलो तो त्या शिलाई मशीनमुळे, आणि ही सगळी गोष्ट त्या मशीनची आहे.

मशीन हप्त्यांवर घेतली होती. कंपनीचा डेपो अकोल्याच्या कापड बाजारात होता. सुरुवातीला काही रक्कम भरायची, मग दर महिन्याला बारा रुपये, असे वीस हप्ते. मशीनबरोबर एक जाड पिवळं कार्ड मिळालं होतं. त्यावर वीस चौकोन. दर महिन्याला कंपनीचा वसुलीवाला घरी यायचा, पैसे घ्यायचा आणि एका चौकोनात सही करून तारीख टाकायचा. विसावा चौकोन भरेपर्यंत मशीन कंपनीची, भरला की आपली. मायला वाचता येत नव्हतं, पण रिकामे चौकोन किती राहिले हे ती न बघता सांगायची.

वसुलीवाला तिशीचा, सायकलीवर येणारा, बोलघेवडा माणूस होता. वरच्या जातीतला होता. पहिल्या दिवशी बानं त्याच्यासाठी बाज टाकली आणि माय दाराच्या आतच उभी राहिली. पाणी विचारावं की न विचारावं, हे तिला कळेना. आमच्याकडं तोवर बाहेरचा माणूस कामापुरता यायचा आणि उभ्या उभ्या जायचा. हा मात्र बाजेवर बसला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "ताई, चा नाई पाजत काय? का कंपनीच्या माणसाले चा नाई द्या असा नियम हाय?"

माय हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि दारातच उभा होतो. त्यानं आमच्या कपातून चहा घेतला आणि अर्ध्यावर म्हणाला, "साखर कमी हाय ताई. पुढच्या टायमाले याद ठेवजा." एवढंच. पण तो गेल्यावर बा बराच वेळ त्या रिकाम्या कपाकडं बघत बसला होता. त्या माणसाचा पहिला उपकार मी हाच मानतो, आणि पुढं जे झालं त्यामुळे तो कमी झालेला नाही.

पण गोंधळाची सुरुवातही तिथंच झाली. घरी चहा पिणाऱ्या माणसापुढं कार्ड धरून "सही करा" म्हणायचं, हे आमच्या माणसांना जमणारं नव्हतं. तो स्वतः आठवणीनं सही करायचा, म्हणून चाललं. तेरा चौकोन भरले. मग होळी झाली, जीन बंद पडलं, आणि त्याच सुमाराला त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं.

तो कापडाचं गाठोडं घेऊन आला. लग्नघरच्या बायकांची पोलकी, पोरींचे फ्रॉक, पोरांचे सदरे. मायनं सगळं ठेवून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, शिलाई हप्त्यात वळती करजा."

तो म्हणाला, "होईन ताई, होईन. कावून काळजी करता?"

यावर बोलणं संपलं. हे मला मायनं नंतर शब्द न शब्द सांगितलं. तिनं एप्रिलपासून त्याच्या घरचं शिवलं. लग्न झालं, मग त्याच्या मुलींचे शाळेचे कपडे, मग त्याच्या भावजयीची बाळंतपणाची पोलकी. तो यायचा, चहा घ्यायचा, कपडे घेऊन जायचा. मायनं त्याला पैसे दिले नाहीत आणि त्यानं मागितले नाहीत. सात महिने असे गेले. मायच्या हिशेबानं शिलाई सात हप्त्यांपेक्षा चार रुपये जास्तच झाली होती, ते चार रुपये तिनं बहिणीच्या लग्नाचा आहेर म्हणून सोडून दिले.

आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण आमच्या माणसांना यात वावगं काहीच दिसलं नाही. आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या देणं कामानंच फिटत आलेलं होतं. कोणाचं ज्वारीचं देणं असेल तर त्याच्या खळ्यावर चार दिवस राबायचं, देणं संपलं. ज्याला दिलं तो समोर असायचा आणि त्यालाही ते कळायचं. कंपनी म्हणजे माणूस नाही, चहा पिऊन जाणारा वेगळा आणि पैसे मागणारी ती वेगळी, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाच्या मनात काय होतं? मला वाटतं, आपल्या पगारातून हप्ते भरून टाकू असं तो खरंच म्हणत असावा. बहिणीच्या लग्नानं त्याला ते जमलं नाही. मग दर महिन्याला पुढच्या महिन्यावर गेलं असेल, आणि डेपोतही 'देतील पुढच्या महिन्यात' असं सांगून त्यानं वेळ मारून नेली असेल.

विसावा महिना संपला तेव्हा मायनं वस्तीत गूळ-फुटाणे वाटले. मशीन आपली झाली म्हणून. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो, मीच घरोघरी वाटून आलो. तेव्हा मी कार्ड मागून पाहिलं असतं तर! पण मीही पाहिलं नाही. इंटरला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्र शिकत होतो, आणि घरातलं एक कार्ड उलटून पाहिलं नाही.

सुट्टी संपवून मी अमरावतीला परतलो आणि पंधरा दिवसांत घरून पोस्टकार्ड आलं. शेजारच्या आठवीतल्या पोरीनं लिहिलेलं, बा सांगेल तसं. "कंपनीचा नवा माणूस आला. जुन्याची बदली झाली. सात हप्ते बाकी म्हणते. आठ दिवसात भरा नाहीतर मशीन नेतो म्हणते. तू ये."

वसतिगृहातला माझा खोलीसोबती अंजनगाव सुर्जीकडचा होता, पानमळेवाल्यांच्या घरातला. त्यानं पोस्टकार्ड वाचलं आणि म्हणाला, "मशीन गेली त काय होईन बे?"

"मेस बंद होईल."

"मंग?"

"मग मी घरी."

त्यानं पोस्टकार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाला, "पाह्य, एक ताट दोघांत खाऊ. तुह्या वाटची भाकर मी खाईन, माह्या वाटचं वरण तू पे. पण आधी जाऊन त ये." भाड्याचे पैसेही त्यानंच दिले. बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी मनातल्या मनात एक वाक्य तयार करत होतो. मोठ्या माणसासमोर असं वाक्य लागतं, असा माझा समज होता.

घरी पोचलो तर नवा वसुलीवाला दारातच उभा होता. माझ्याच वयाचा असेल. मशीन आत होती आणि माय तिच्यासमोर बसली होती, काही शिवत नव्हती.

"हे आले काय कॉलेजवाले?" तो म्हणाला. "काय गा, हप्ते बुडवाले शिकवतात काय अमरावतीले?"

बा म्हणाला, "पोराले बोलू नोको. माह्यासंगं बोल."

"तुमच्यासंगं बोलून तोंड दुखलं. सोमवारी हातगाडी घेऊन येतो." तो गेला. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "गूळ त खाल्ला बापा आमी. आता मशीन काहून चालली?" मायनं मशीनवर फडकं टाकलं. एरवी तिनं त्या बाईला सोडलं नसतं.

मग मायनं मला शिलाईचं सगळं सांगितलं. ऐकून मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "मग सोपं आहे. डेपोत जाऊन हेच सांगू. त्यानं कपडे शिवून घेतले, त्यानं पैसे भरायचे."

बाही तेच म्हणत होता. पण माय उठून उभी राहिली. "आन मंग त्या भावाची नोकरी जाईन त्याचं काय? तीन पोरी हायेत त्याले. तिघींचं माप माह्यापाशी हाय."

"अवं, मशीन चालली तुही!" बा ओरडला.

"चालली त चालली. चोरी थोडी केली त्यानं? मीच म्हनलं वळती करा, त्यानं होय म्हनलं. दोघंबी चुकलो. एकाच्या चुकीचं दुसऱ्याच्या पोटावर कावून मारता?"

बा चिडून बाहेर गेला. परत आला तेव्हा शांत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू शिकला. तूच सांग कसं करा लागते." मला काही येत नव्हतं. पण दोघंही माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की "मला येत नाही" हे शब्द बाहेर निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बा आणि मी डेपोत गेलो. मॅनेजर पन्नाशीचे, चष्मा लावणारे, पुण्याकडचे गृहस्थ होते. टेबलावर कागद पसरून संत्रं सोलत होते. आम्ही उभे राहिलो. मी वाक्य आठवतो आहे तोवर बा बोलून गेला, "साहेब, मशीन कावून नेता?"

मॅनेजरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मला विचारलं, "हे विचारतायत की दरडावतायत?"

"विचारतात साहेब. आमच्याकडं असंच विचारतात."

"मला अकोल्यात सहा वर्षं झाली," ते म्हणाले, "अजून कोणी वेळ विचारली तरी भांडणच निघालं असं वाटतं. बसा."

मग मी माझं वाक्य काढलं. "महोदय, सदर प्रकरणी आमच्या कौटुंबिक परिस्थितीचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन..." पुढचं गेलं. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि वाट पाहिली. मग म्हणाले, "काय शिकतोस?"

"इंटर आर्ट्स. अमरावतीला."

"विषय?"

"अर्थशास्त्र आहे."

"अर्थशास्त्र! बरं. मग सांग, सात हप्ते कुठं गेले?"

त्यांनी रजिस्टर काढून आमचं पान उघडलं. बोटानं खाली येत गेले. पुढं ते जे बोलले ते मी नंतर नोकरीतही विसरलो नाही. ते म्हणाले, "तेरा हप्ते, एकही एक दिवस उशिरा नाही. आणि मग एकदम सात नाहीतच. अरे, बुडवणारा माणूस असा बुडवत नाही. तो आधी चार दिवस उशीर करतो, मग पंधरा. मग अर्धा हप्ता देतो, मग आजारी पडतो. हे तसं नाही. हे पैसे कोणी घेतले?"

"कोणी घेतले नाहीत साहेब." हे खरंच होतं. पैसे कोणीच घेतले नव्हते.

"आमचा माणूस येत होता दर महिन्याला?"

"येत होता."

"मग?"

बानं तोंड उघडलं. "साहेब, आमच्या घरवालीनं..." मी टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला हात लावला. तो थांबला. मॅनेजरांनी ते पाहिलं असावं. मी म्हणालो, "चूक आमची आहे. आम्हाला वाटलं हप्ते फिटले. आमची समजूत चुकीची होती. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

मी खाली बघितलं. ते बराच वेळ संत्र्याच्या साली कागदात गोळा करत राहिले. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला, "तुझी आई काय काय शिवते?"

"पोलकी, सदरे, शाळेचे कपडे."

"लहान मुलींचे फ्रॉक?"

मी मान हलवली. त्यांनी रजिस्टर मिटलं. "ठीक आहे. मी काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाही. आता हिशेबाचं बोलू."

त्यांना सगळं समजलं होतं. वसुलीवाल्याच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा बहुधा तेही पंगतीला होते, आणि त्याच्या मुलींचे फ्रॉकही त्यांनी पाहिले असतील. मी हे नंतर ताडलं. त्या वेळी मी एवढा घाबरलो होतो की हिशेबाचं बोलू म्हणजे सुटलो, हेही मला कळलं नाही.

चौऱ्यांशी रुपये हप्त्यांचे आणि वर दंड. ते म्हणाले, "एकदम किती भरू शकता? खरं सांगा. वाढवून सांगाल तर पुन्हा अडकाल."

बा म्हणाला, "आता जीन सुरू झालं. अठरा-वीस जमतीन."

"वीस रुपयांवर मुंबईचं ऑफिस ऐकायचं नाही. चार हप्ते भरा, अठ्ठेचाळीस, पंधरा दिवसांत, एकरकमी. उरलेले तीन हप्ते आणि दंड माफ करावा म्हणून मी हेड ऑफिसला लिहितो. मंजूर होईलच असं सांगत नाही. पण उत्तर येईपर्यंत मशीनला कोणी हात लावणार नाही."

"अन् सोमवारची हातगाडी?" बानं विचारलं.

"ती त्याच्या काकाची आहे, कंपनीची नाही," मॅनेजर म्हणाले. बा हसला. मीही हसलो, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला खाली वाकून चप्पल नीट केली.

पण अठ्ठेचाळीसला तीस रुपये कमी पडत होते. मी परीक्षेच्या फीचे पैसे देतो म्हणालो. बा माझ्यावर एवढ्या जोरात ओरडला की बाहेरचा कारकून आत डोकावला. मॅनेजरांनी हात वर केला. "तुझी फी मला नको. डेपोला मशीनच्या खोळी लागतात. मांजरपाटाच्या. कापड मी देतो, तुझ्या आईनं शिवाव्यात. खोळीला आठ आणे. साठ खोळी, तीस रुपये."

बाचा चेहरा उजळला. "मंग थे तीस तिकडंच वळते करून घ्या!"

"नाही!" मॅनेजर एकदम खुर्चीवरून उठले. "वळतं काही करायचं नाही. मजुरी रोख घ्यायची, व्हाउचरवर अंगठा किंवा सही. ते पैसे घेऊन बाहेर जायचं. वाटल्यास समोर पान खाऊन यायचं. मग परत आत यायचं आणि दुसऱ्या खिडकीवर हप्ता भरायचा. दोन्हींची गाठ मारायची नाही. कळलं?"

बाला ते पटलं नाही. घरी येताना तो म्हणत राहिला, "हातातला पैसा ह्या हातातून त्या हातात द्याले बाहीर कावून जा लागते?" मला मात्र त्या दिवशी कॉलेजच्या पुस्तकात नसलेलं काहीतरी समजल्यासारखं वाटलं.

अर्ज मी लिहायचा होता. रात्र जायच्या आत दोन पानं झाली. "आर्थिक विपन्नावस्था", "आकस्मिक आपत्ती", सगळे शब्द वापरले. सकाळी मॅनेजरांनी वाचून परत दिला. "आपत्ती कसली आली होती? पूर आला, आग लागली? मुंबईचा माणूस विचारेल. तुझा बाप बोलतो तसं लिही. खोटं एक अक्षर नको, आणि जास्तीचंही नको."

मी तिथंच बाकावर बसून पुन्हा लिहिलं. पाच ओळी झाल्या. तेरा हप्ते वेळेवर भरले. नंतरचे सात भरल्याची आमची चुकीची समजूत झाली. चार हप्ते पंधरा दिवसांत एकरकमी भरतो. मशीनवर घरातल्या मुलाचं शिक्षण चालतं. उरलेली रक्कम आणि दंड माफ व्हावा. खाली बानं अंगठा दिला. मॅनेजरांनी वाचलं, टाचणी लावून ठेवून दिलं. माझ्या हातच्या लिखाणाला मिळालेली ती पहिली पसंती होती, असं मी आजही धरतो.

मायनं तेरा दिवसांत साठ खोळी शिवल्या. मी चार दिवस होतो, टोकं दुमडून देत होतो. तिला विचारलं, "त्या भाऊचा राग येत नाही?"

"येतो नं," ती म्हणाली. "जवा पाठ दुखते तवा येतो. पण त्यानं चा मागतला होता रे आपल्या घरी." आणि पुन्हा पाय चालवायला लागली.

त्या माणसाची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. त्याची बदली खानदेशाकडं झाली एवढं कळलं. त्यानं कधी पत्र लिहिलं नाही, आणि आमचं काय झालं हे त्याला कोणी सांगितलंही नसेल. कदाचित मनातल्या मनात तो आमच्या दारावरून सायकल नेताना अजून मान खाली घालत असेल, असं मला वाटायचं. त्याला कोणी तरी सांगायला हवं होतं की घरात त्याच्याबद्दल वाईट बोललं जात नाही.

मी अमरावतीला परतलो. अठ्ठेचाळीस रुपये भरल्याचं पोस्टकार्ड आलं. मग मुंबईचं उत्तर यायचं होतं. डिसेंबर गेला, परीक्षेचा फॉर्म भरला. जानेवारी गेला. नामंजूर झालं तर तीन हप्ते आणि वाढलेला दंड एकदम भरावा लागणार होता, आणि तो आम्हाला भरता आला नसता. मी वर्गात बसायचो आणि पोस्टमन कोणत्या वेळी येतो याकडंच लक्ष असायचं. खोलीसोबती रोज विचारायचा, "काय बे, मुंबई काय म्हनते?" मी नाही म्हणायचो. तो म्हणायचा, "मुंबई दूर हाय. चालत येत असन." रोज तोच विनोद, आणि मला रोज त्याचा आधार वाटायचा. मेसवाल्याचे दोन महिने थकले तेव्हा यानंच आपल्या घरी खोटं सांगून पैसे आणले. ते मी शिष्यवृत्ती आल्यावर फेडले. त्याला "थँक्यू" म्हणालो तर तो चिडला होता. म्हणून त्याचे आभारही इथंच मानतो, तिसरा म्हणून.

मार्च उजाडला. परीक्षा सुरू झाली. अर्थशास्त्राचा पहिला पेपर बरा गेला होता. उन्हातून वसतिगृहात परत आलो तेव्हा खोलीसोबती फाटकापाशी उभा होता. हातात पोस्टकार्ड. त्यानं वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं, पण त्यानं ते नुसतं माझ्या हातात दिलं. शेजारच्या पोरीचंच अक्षर होतं. बानं सांगितलं तसं तिनं उतरवलं होतं:

"मुंबईवून कागद आला. तीन हप्ते आन दंड दोनी माफ झाले. मॅनेजर साहेब सोता घरी आले सांगाले. बाजीवर बसले. माय म्हणते तू आता पेपराकडं ध्यान दे, मेसची काळजी करू नोको. मशीन आपली झाली."